चित्रकलेच्या बाईंचा वसंत

फाल्गुन संपत आला की आपल्या किनाऱ्यावर सगळी कामं एकदम अंगावर येतात. चिंच फोडायची, मिरची वाळवायची, आगोटीची बेगमी करायची, आणि त्यातच पोरांच्या वार्षिक परीक्षा. आम्ही तिघी अलिबाग ते मुरूड या पट्ट्यात शाळांतून चित्रकला आणि हस्तकला शिकवतो, आणि शिकवून झालं की स्वतःचंही काही करत बसतो. त्यामुळे आमच्या वाट्याला आणखी एक काम येतं. वर्षभर पुरेल एवढं चित्रांचं सामान याच दोन महिन्यांत जमवायचं, धुवायचं, सुकवायचं आणि मिरगाच्या आत डब्यांत भरून टाकायचं. जून लागला की हवाच ओली होते. मग काही सुकत नाही, सुकलेलंही पुन्हा नरम पडतं. म्हणून वसंत म्हणजे आमच्यासाठी फुलांचा ऋतू नंतर, आधी वाळवणाचा.

आमच्या कामाला शाळेबाहेर मिश्र माध्यम म्हणतात. बचत गटाच्या बैठकीत हे नाव घेतलं की बायका विचारतात, म्हणजे नक्की काय? साधी गोष्ट आहे. एकाच चित्रात रंगाबरोबर कागद, कापड, दोरा, माती, साल, शिंपला असं जे जे लागेल ते वापरायचं. नुसत्या तैलरंगाचं किंवा नुसत्या जलरंगाचं चित्र म्हणजे एक माध्यम. त्यावर जुन्या लुगड्याचा काठ चिकटवला की दोन झाली.

पुस्तकांत याची सुरुवात १९१२ सालापासून सांगतात. पॅरिसमध्ये पाब्लो पिकासोने एका लंबगोल चित्रावर खुर्चीच्या वेताची नक्षी छापलेलं मेणकापड चिकटवलं आणि चित्राला चौकट म्हणून चक्क दोरी गुंडाळली. लोकांना मोठं नवल वाटलं. आपल्याकडे माडाखाली सुंभ वळणाऱ्या बाईला दोरीचं एवढं नवल वाटलं नसतं, ते सोडा. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आम्हांला जास्त आवडते. इंग्लंडमध्ये मेरी डेलनी नावाची एक विधवा होती. वयाच्या बहात्तराव्या वर्षी, १७७२ च्या सुमारास, तिने रंगीत कागदाचे बारीक बारीक तुकडे कापून काळ्या कागदावर फुलं चिकटवायला सुरुवात केली. पाकळीची एकेक शीर वेगळ्या कागदाची. मधूनच एखादं खरं पानही लावलेलं. दहाएक वर्षांत, नजर कमी होईपर्यंत, तिने नऊशेहून जास्त फुलं केली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. नातवंडं झाली, आता माझ्याकडून काय होणार, असं म्हणणाऱ्या मैत्रिणीला आम्ही ही गोष्ट सांगतो. ती हसते, पण पुढच्या वेळी कात्री घेऊन येते.

आणि खरं सांगायचं तर वसंतात आपल्या घराघरांत मिश्र माध्यमच चाललेलं असतं. पाडव्याची गुढी बघा. बांबूची काठी, खण, कडुलिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, फुलांचा हार, वर तांब्या. सहा वेगवेगळ्या वस्तू, आणि प्रत्येकीचा पोत निराळा. काठी खरखरीत, खण मऊ, तांब्या चकचकीत, गाठी रवाळ. त्या एकमेकींशेजारी शोभतात कशा, हे आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. मग चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. ज्यांच्याकडे असते त्यांनी आठवून बघावं. पायऱ्यांवर चादरी, मागे साडीचा पडदा, कलिंगडाचं कमळ, कैऱ्यांचे घोस, भिजवलेले हरभरे, घरातली खेळणी, आणि समोर चैत्रांगण. चैत्रांगणात गौरीचा पाळणा असतो, तुळस, शंख, चक्र, गोपद्मं, कासव, नाग, आंबा, सूर्य, चंद्र. एवढी चित्रलिपी बोटांतून सांडणाऱ्या रांगोळीने जमिनीवर काढायची, आणि दुसऱ्या दिवशी झाडून टाकायची. या आराशीला मोठ्या शहरांतल्या कलादालनांत मांडणशिल्प म्हणतात आणि बघायला तिकीट लावतात. आपल्याकडे तेच हळदीकुंकवाला आलेल्या बायका बघतात, पन्हं पितात, आंब्याची डाळ खातात आणि घरी जातात. करणारीला कलाकार म्हणायचं मात्र कोणाच्या मनात येत नाही.

आता कलाकार म्हटलं की लोकांना वाटतं तो मुंबईचा किंवा परदेशातला. पण याच अलिबाग तालुक्यात दोन मोठी माणसं होऊन गेली, आणि वर्गात आम्ही त्यांच्यापासूनच सुरुवात करतो. सासवण्याचे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजे नानासाहेब करमरकर. जन्म १८९१. घरात गणपती करायची पद्धत होती, त्यातून मातीवर हात बसला. त्या वेळचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी या मुलाचं काम पाहिलं आणि त्याची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची सोय झाली. पुण्याचा घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचा ब्राँझचा पुतळा त्यांचाच, १९२८ चा. एवढं नाव झालं, पण कोळ्याची पोर, शंख फुंकणारा अशी आपल्या किनाऱ्यावरची वाटावी अशी माणसंही त्यांनी घडवली, प्लॅस्टर, सिमेंट, ब्राँझ असं मिळेल त्यात. सासवण्याला त्यांच्या घरी शिल्पालय आहे. मांडव्याकडून अलिबागला येताना वाटेवरच पडतं. शाळेची सहल किहीमला नेता, तशी अर्धा तास तिथेही थांबवा, एवढंच आमचं मुख्याध्यापकांना सांगणं असतं.

दुसरे प्रभाकर बरवे. जन्म १९३६, गाव नागाव. नानासाहेब करमरकर नात्याने त्यांचे आजोबा लागायचे. १९५९ मध्ये जे. जे. मधून बाहेर पडल्यावर ते विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, आणि १९६१ पासून काही वर्षं बनारसला होते. हातमागाच्या कापडासाठी नक्ष्या करायच्या, ती नोकरी. तिथे तंत्रपूजेतल्या आकृत्यांनी त्यांना धरलं आणि त्या काळात त्यांनी रंगाबरोबर इतरही वस्तू चित्रात वापरून पाहिल्या. पुढे मुंबईत आल्यावर त्यांनी दारं-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग कॅनव्हासवर वापरला. पान, शंख, फळ, घड्याळ अशा साध्या वस्तू मोकळ्या जागेत एकेकट्या ठेवायच्या, अशी त्यांची चित्रं. ती पाहिली की भरतीची रेषा आठवते. ओहोटीला वाळूवर एक शिंपला, हातभर अंतरावर एक पान, पुढे एक तुटकं चप्पल, आणि मध्ये नुसती जागा. हे आमचं वाटणं झालं, समीक्षकांचं नव्हे. त्यांनी मराठीत ‘कोरा कॅनव्हास’ नावाचं पुस्तक लिहिलं. चित्रकार कसा बघतो ते त्यात आहे आणि चित्रकला शिकवणाऱ्या प्रत्येकीने ते वाचावं. ते १९९५ मध्ये गेले. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. नागावला समुद्रस्नानाला किती गर्दी असते! त्यातल्या कितीजणांना हे नाव ठाऊक असेल?

बरं, आता सामानाकडे वळू. सगळ्यात आधी चिंचोके. फाल्गुन-चैत्रात घरोघरी चिंच फोडतात आणि चिंचोके उकिरड्यावर जातात. ते टाकू नका. चिंचोक्याची खळ हा उत्तम गोंद आहे. ओडिशातले पटचित्र करणारे कारागीर कापडावर याच खळीने खडू माखून चित्राचा पाया तयार करतात. करायची रीत अशी. चिंचोके तव्यावर किंवा गरम वाळूत भाजायचे. भाजले की वरची तपकिरी साल तडकते, मग कुटून ती पाखडून टाकायची. आतला पांढरट गर रात्रभर पाण्यात भिजवायचा, पाट्यावर गंधासारखा वाटायचा आणि चौपट-पाचपट पाणी घालून मंद आचेवर ढवळत शिजवायचा. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाला की खळ झाली. ती दोन-तीन दिवस टिकते. जुन्या काळी त्यात मोरचूद घालत, म्हणजे कीड लागत नसे. पण मोरचूद विषारी आहे, पोरांच्या हातात जाणाऱ्या खळीत तो कधीही घालू नका. आम्ही लवंगेच्या तेलाचे चार थेंब टाकतो आणि जेवढी लागेल तेवढीच करतो.

याच खळीत रद्दीचा लगदा कालवला आणि थोडी मेथीची पूड घातली की आपल्या आज्या करायच्या त्या लगद्याच्या टोपल्या होतात. मेथीने लगदा चिकट होतो आणि तिच्या कडूपणामुळे किडा लवकर फिरकत नाही. टोपलीऐवजी हाच लगदा पुठ्ठ्यावर थापला तर डोंगर होतो, लाट होते, माशाची पाठ होते. मुलांना सपाट कागदावरून उठावाकडे न्यायला याहून स्वस्त वाट आम्हांला माहीत नाही.

दुसरं सामान वाडीतलं. पोफळीची विरी. झाप गळून पडतं त्याच्या बुडाशी ते चामड्यासारखं रुंद पान असतं, ज्याच्या हल्ली पत्रावळी करतात, तेच. विरी कोरडी असताना वाकवली तर फाटते. ती पाण्यात दोन-तीन तास बुडवायची, मऊ झाली की उलगडून दोन पाटांमध्ये दगडाखाली दाबायची आणि सावलीत सुकवायची. उन्हात टाकली की ती पुन्हा वळते, मग दगड असो की धोंडा. सुकलेल्या विरीवर गेरू, चुना, काजळ सगळं छान बसतं. माडाच्या झावळीच्या बुडाशी जाळीदार कापडासारखी साल असते, ती तशीच चिकटवली की मासेमारीचं जाळं होतं. काथ्याची पोरं नेहमी म्हाताऱ्याची दाढी करतात, त्याला इलाज नाही.

विरीची गोष्ट निघाली म्हणून सांगायला हवं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, रेवदंडा इथल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीच्या वाड्या पिढ्यान् पिढ्या राखलेल्या, त्या एका दुपारीत झोपल्या. नवी पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. तेवढी वर्षं बागायतदाराचं उत्पन्न गेलं, वाडीत कामाला जाणाऱ्या बाईची रोजी गेली, सोलायची सुपारी गेली. या सगळ्यापुढे आमच्या विऱ्या कोणत्या खिजगणतीत! पण वादळानंतरच्या वर्षात एका शाळेतल्या मुलांनी मोडक्या पोफळींच्या चोया, फाटके पत्र्याचे तुकडे आणि भिजून चिकटलेली वह्यांची पानं घेऊन वादळाचं चित्र केलं. नुसत्या खडूने काढायला सांगितलं असतं तर त्यांनी काळे ढग काढले असते. हातात खरा तुटका पत्रा आल्यावर मुलं बोलायला लागली, कोणाचं छप्पर कुठे उडालं, कोण कोणाच्या पडवीत झोपलं. मिश्र माध्यम शिकवायचं कारण काय, असं विचारणाऱ्या अधिकाऱ्यांना आम्ही ते चित्र दाखवतो.

तिसरं सामान समुद्राचं. शिंपल्या, कालवांची टरफलं, वाळू. अलिबागची वाळू काळपट, काशीदची पांढुरकी. ओंजळ ओंजळ दोन्हीकडची आणली तर एका चित्राला दोन छटा मिळतात. शिंपले फक्त भरतीच्या रेषेवरचे, रिकामे घ्यायचे, जिवंत कधीच नाही. काही शंखांना आणि प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून मोठे शंख पोरांना उचलू देऊ नका. आणलेला माल गोड्या पाण्यात दोन दिवस भिजवायचा, पाणी तीन-चार वेळा बदलायचं, मग कडकडीत उन्हात वाळवायचा. हे का, ते समजून घ्या. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. न धुतलेली वाळू चित्राला लावली तर मे महिन्यात ती सुरेख दिसते आणि जुलैत चित्राला घाम फुटतो. मग खळ सुटते, त्यावर बुरशी येते आणि शिंपला टपकन खाली पडतो. किनाऱ्यावरच्या मिश्र माध्यमाचा खरा शत्रू मीठ आहे.

मातीचंही थोडं सांगतो. श्रीवर्धन-म्हसळ्याकडे जांभा आहे, त्याची तांबडी माती चाळून खळीत कालवली की पक्का रंग होतो. शांतिनिकेतनमध्ये रामकिंकर बैज यांनी १९३८ मध्ये संथाळ कुटुंबाचं मोठं शिल्प केलं ते सिमेंट आणि तिथल्या तांबड्या मुरमाच्या खड्यांचं. महागडा ब्राँझ परवडत नव्हता, पायाखालचा मुरूम होता. पेणकडे हमरापूर, जोह्याला गेलात तर याच दिवसांत अंगणा-अंगणांत कच्चे गणपती सुकत ठेवलेले दिसतील. शाडूची मूर्ती थेट उन्हात ठेवली तर वरून सुकते, आतून ओली राहते आणि तडकते. म्हणून सावलीत, वाऱ्याला. मुलांच्या मातकामालाही तोच नियम.

आता रंग. वसंतात झाडं इतकी रंगलेली असतात की मुलांना वाटतं तो सगळा रंग बाटलीत भरून घेता येईल. माघात सावर लाल होते, मग पांगारा, मग पळस. कोशिंबाला फुलाच्या आधी तांबडी पालवी येते, ती लांबून फुलंच वाटतात. पिंपळाची नवी पानं तांब्यासारखी. बहावा उशिरा, मे लागता लागता. यातलं रंग देणारं मुख्य फूल पळसाचं. पडलेली फुलं गोळा करून उकळली की नारिंगी-पिवळं पाणी मिळतं. तुरटी घातली तर पिवळा उजळतो, चिमूटभर खाण्याचा चुना किंवा सोडा घातला तर गडद नारिंगी होतो. हळदीला चुना लावला की लाल होते, हे कुंकू करणाऱ्या घरात सगळ्यांना माहीत असतं. जास्वंदीची पाकळी कागदावर चोळली की जांभळट डाग पडतो. त्यावर लिंबू पिळलं की गुलाबी आणि सोड्याचं पाणी लावलं की हिरवट. सातवीच्या वर्गात हा प्रयोग केला की विज्ञानाच्या बाई दारात येऊन उभ्या राहतात, कारण आम्ल आणि अल्क त्यांना फळ्यावर शिकवायचं असतं.

पण इथे एक खरी गोष्ट मुलांपासून लपवू नये. फुलांचे रंग टिकत नाहीत. आम्ही वर्गात एक चाचणी करतो, ती घरीही करून बघा. एका जाड कागदाच्या पट्टीवर ओळीने पळस, हळद, जास्वंद, बीट, गेरू, चुना, काजळ असे पट्टे मारायचे. अर्धी पट्टी काळ्या पुठ्ठ्याने झाकायची आणि खिडकीतल्या उन्हात पंधरा दिवस ठेवायची. पुठ्ठा काढला की हळद फिकी, बीट जवळजवळ गेलेलं, जास्वंद मळकट. गेरू, चुना आणि काजळ जसेच्या तसे. गेरू लोखंडाच्या गंजाचा, चुना दगडाचा, काजळ कोळशाचं. ऊन त्यांचं काही करू शकत नाही. आदिमानवाने गुहेत काढलेली चित्रं याच कारणाने राहिली. म्हणून विकायच्या चित्रात आम्ही फुलांचा रंग वापरत नाही, आणि बाजारात कोणी फुलांच्या रंगाचं चित्र पिढ्यान् पिढ्या टिकेल असं सांगत असेल तर तिला ही पट्टी करून बघायला सांगा. वहीत, राखीवर, होळीच्या पाण्यात मात्र पळसासारखा रंग नाही.

शिकवण्याकडे येतो. वसंतातली अडचण अशी की ज्या महिन्यांत बाहेर एवढं सामान पडलेलं असतं, त्याच महिन्यांत शाळेत चित्रकलेचा तास गणिताला जातो. पालकांनाही ते बरं वाटतं. चित्रकला आठवते ती पुढे पाऊस संपताना, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या वेळी, कारण इंटरमिजिएटचे दहावीला जादा गुण मिळतात. त्या परीक्षा चांगल्याच आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांनी हात घट्ट होतो. पण हात घट्ट होणं आणि डोळा उघडणं यांत फरक आहे. म्हणून आम्ही फाल्गुनात मधल्या सुट्टीची वीस मिनिटं मागून घेतो. काही काढायचं नाही, फक्त आवारातून पाच वेगळ्या पोतांच्या गोष्टी आणायच्या आणि डोळे मिटून शेजारणीला ओळखायला सांगायचं. या खेळात अभ्यासात मागे असलेली मुलं पुढे असतात. जाळी विणणाऱ्या घरातल्या मुलीची बोटं तर आमच्याहून जाणती असतात.

यापुढचं जरा स्पष्ट बोलायला हवं. आमच्यातल्या दोघी मानधनावर शिकवतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलंय की सहावी ते आठवीला शंभरावर मुलं असलेल्या शाळेत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांना अंशकालीन निदेशक हवेत. अंशकालीन हा शब्द कायद्यातला आहे, पोट मात्र पूर्णवेळ असतं. मानधनाचा हिशोब एप्रिलात बंद होतो, आणि जूनमध्ये पुन्हा बोलावतील की नाही हे एप्रिलात कोणी सांगत नाही. म्हणजे कोकिळा ओरडत असते आणि आमच्या घरात खर्चाच्या वहीचं पान उलटावं की नाही याची चर्चा चालू असते. ज्या बाईला जूनची खात्री नाही ती एप्रिल-मेमध्ये मिळेल ते करते. सुट्टीतली शिबिरं, लग्नातल्या रुखवताची आरास, हॉटेलच्या भिंती. यात तिचं स्वतःचं चित्र राहून जातं, आणि ते राहिलं की वाळवणाचा मोसमही गेला. पुढच्या फाल्गुनापर्यंत काही नाही.

यावर आम्ही तिघींनी मिळून एक रीत धरली आहे. चैत्र आणि वैशाखात पहाटे पाच ते सात हा वेळ कोणालाही द्यायचा नाही. घरच्यांनाही नाही, शिबिरालाही नाही. किनाऱ्यावर त्या वेळी वारा थंड असतो, खळ लवकर आटत नाही आणि उजेड मऊ असतो. आणि शिबिराचे पैसे आधी ठरवायचे. बाई, मुलांचंच तर आहे, असं म्हणत कोणी पंधरा मुलांना आठ दिवस नाश्त्याच्या मोलात शिकवायला सांगतं. त्याला नकार देताना जीभ अडखळते, पण द्यायचा. ज्या वाडीतल्या मुलांकडे खरंच पैसे नाहीत तिथे आम्ही फुकट जातो, तो हिशोब वेगळा.

चित्राची किंमत लावतानाही बायका सामानाचीच किंमत लावतात. सामान तर फुकट, मग चित्र शंभराला. असं नाही. समजा एका चित्राला पुठ्ठा, रंग आणि चौकट मिळून २५० रुपये लागले. हाताचे आठ तास लागले. तासाला तुमच्या गावात शिवणकामाला जे मिळतं तेवढं तरी धरा, समजा ६० रुपये, म्हणजे ४८०. सामान गोळा करून धुणं-वाळवणं याचे दोन तास, १२०. पोचवायचा टेम्पो किंवा एसटी, ५०. झाले ९००. याच्या खाली विकलं तर तुम्ही गिऱ्हाईकाला पदरचे पैसे देताय. वर काय घ्यायचं ते चित्राच्या गुणावर. आणि लेखी घ्या. आमच्या ओळखीतल्या एकीची दहा चित्रं एका रिसॉर्टने विकू म्हणून भिंतीवर लावली, पाहुण्यांनी त्यातली काही नेली, आणि तिला पैसे मिळायला दोन पावसाळे गेले, तेही अर्धेच. चित्राचं नाव, माप, किंमत, विकल्यावर किती दिवसांत पैसे, आणि ओल लागून खराब झालं तर कोणाची जबाबदारी, एवढ्या पाच ओळी साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या. चांगलं गिऱ्हाईक सहीला कधी नाही म्हणत नाही.

शेवटी ठेवणीचं, कारण फोनवर तेच सगळ्यात जास्त विचारलं जातं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत नवं काही चिकटवणं थांबवा. झालेली चित्रं दोन दिवस सावलीत वाऱ्याला ठेवा, मग काचेची चौकट करा. काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये पुठ्ठ्याची पट्टी घाला, नाहीतर पावसात काचेच्या आतून पाणी धरतं आणि रंग काचेला चिकटतो. भिंतीला ओल येत असेल तर चौकटीच्या मागे चारी कोपऱ्यांत बाटलीच्या बुचाचे तुकडे लावा, म्हणजे मागून हवा खेळते. सुट्ट्या विऱ्या, साली, शिंपले पत्र्याच्या डब्यात, वर सुकलेल्या कडुलिंबाचा पाला. चिंचोके भाजून, सोलून, कोरडेच बरणीत भरा. भिजवायचे ते लागतील तेव्हा. डब्यावर महिना आणि गाव लिहून ठेवा. श्रावणात डबा उघडल्यावर कुठली वाळू काशीदची आणि कुठली अलिबागची हे नुसत्या डोळ्याला ओळखत नाही.

पुढच्या वेळी लगद्याचं काम सविस्तर सांगू. तोपर्यंत रद्दी भिजत घाला.